चार तांबे कोमट पाणी

त्या दुष्काळी उन्हाळ्यात लातूरला आमच्या गल्लीत टँकर आठ-आठ दिवस फिरकायचा नाही. आला की रांगेत समोरच्या घरातले एक गृहस्थ नेमके माझ्यापुढं. नाव मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर नावासोबत आणखी एक सल्ला मिळाला असता. मोबाइलवर आरोग्याचे व्हिडिओ बघायचे आणि रांगेत आम्हाला ऐकवायचे.

"सर, उठल्या उठल्या चार तांबे कोमट पाणी घ्या. मला लई फरक पडायलाय."

"कोमट करायला आधी पाणी तरी पाहिजे की!" मी चिडायचो.

ते नुसते हसायचे आणि करदोड्याला बांधलेली किल्ली चाचपायचे. तेव्हा गल्लीत घरोघरी पाण्याच्या ड्रमला कुलूप असायचं. ही त्या कुलपाची किल्ली.

एकदा भर दुपारी माझी पाळी यायच्या आत टँकर संपला. घशाला कोरड पडलेली. त्यांचं घर समोरच, म्हणून दारात जाऊन घोटभर पाणी मागितलं. आमच्याकडं आल्यागेल्यापुढं आधी तांब्या ठेवतात, विचारावंही लागत नाही.

"उन्हातून आल्यावर लगेच पाणी पिऊ नये, सर," ते म्हणाले. "अन् उभ्यानं तर न्हाईच. गुडघे जातात."

माझं डोकंच फिरलं. आज चांगलं सुनावायचं म्हणून मी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. हात किल्लीवरच होता. आणि रोज चार तांबे पिणाऱ्या त्या माणसाच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.