गुलाबवहिनींचं पथ्य

किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नव्हतं. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता, रोज नवी क्वार्टर्स भरत होती आणि सामानाच्या प्रत्येक ट्रकमधून एक नवा स्वयंपाक उतरत होता. आमच्या ओळीत एका टोकाला पंजाबी बलजीत, दुसऱ्या टोकाला बॅनर्जीबाई आणि मधे आम्ही दोन वऱ्हाडी घरं. पुरुष ड्युटीवर गेले की मागच्या अंगणात बायकांची मीटिंग भरायची. अजेंडा एकच, आज काय केलं?

* * *

शेजारच्या गुलाबवहिनींचे यजमान वामनराव कारखान्यात फोरमन. ताट समोर आलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मीठ कमी हाय!" घास अजून हातातच असायचा.

एकदा वहिनींनी मुद्दाम नुसता आंबा कापून समोर ठेवला. वामनराव आपल्याच विचारात. म्हणाले, "मीठ कमी हाय."

"आंब्यात बी टाकू का?" वहिनी म्हणाल्या.

* * *

वहिनी स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या. ती आमच्या घरांची रीतच होती. उरलेली पोळी, भाताची खरवड, कालची आमटी.

मी एकदा रागावले, तर म्हणाल्या, "फेकून कावून द्यायचं? माहं पोट काय रुसून राहिलं का?"

* * *

एक दिवस कपडे वाळत घालताना त्या हळूच म्हणाल्या, "माह्या छातीत गाठ लागून राहिली. दुखत नाही. कोणाले सांगू नको."

संध्याकाळी कळलं, "कोणाले सांगू नको" म्हणत वहिनींचं ओळीतल्या प्रत्येकीला हे सांगून झालं होतं!

मग सल्ले सुरू झाले. बलजीत म्हणाली, "भाभी, ये सब चावल की बादी है. चावल छोड़ो!" बॅनर्जीबाई म्हणाल्या, "अरहर का दाल बंद करो, बहुत गरम होता है." माझ्या सासूबाईंनी डालडा बंद करायला लावला, "आपल्या गावाकडे जवसाचं तेल होतं, तवा कुठे होत्या गाठी?"

जी ती स्वतःला न लागणारी वस्तू बंद करायला सांगायची. बलजीतनं लस्सीला नावं ठेवल्याचं कुणी ऐकलं नाही!

वहिनींनी सगळ्यांचं ऐकलं. भात गेला, तूरडाळ गेली, वांगं गेलं, दूधही गेलं. उरली कोरडी भाकर. "काय पथ्य पाळते बाई!" म्हणून आम्ही कौतुक करायचो. गाठ होती तिथेच होती. वहिनी तेवढ्या कमी होत गेल्या.

* * *

शेवटी वाढता वाढता वहिनींची बांगडी हातातून निसटून वामनरावांच्या ताटात पडली. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बायकोकडे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी वहिनींना कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंकडे नेलं. सोबत मी होते. डॉक्टरबाई नागपूरकडच्याच निघाल्या, त्यामुळे वहिनींना धीर आला.

तपासणी झाली. वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "बाई, मी असं काय खाल्लं जी?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "अमुक खाल्लं म्हणून गाठ झाली, असं कोणी सांगू शकत नाही. तूप, तेल, वजन, सगळ्याचा शोध चालू आहे. पण तुमचं काही चुकलं नाही. आणि उपाशी राहून ही गाठ जायची नाही. नागपूरला ऑपरेशन करावं लागेल, तेही लवकर. तुमच्या अंगात रक्तच नाही. ऑपरेशन सोसायचं कसं? आधी जेवा!"

वहिनी तिथेच रडायला लागल्या. ऑपरेशनच्या भीतीनं रडताहेत असं मला वाटलं. पण त्या माझा हात धरून म्हणत होत्या, "माही चूक नाही म्हणते वं ती!" मग मलाही रडू आवरेना.

* * *

आता तीच मीटिंग उलटी फिरली. बलजीत लोणी घेऊन हजर, सासूबाई शिरा घेऊन. बॅनर्जीबाईंनी तर जन्मात मासा न पाहिलेल्या वहिनींपुढे रोहूचा झोल ठेवला आणि म्हणाल्या, "आँख बंद करो. आलू समझो!"

वहिनींनी डोळे मिटले. थोड्या वेळानं डोळे न उघडताच विचारलं, "आणखी एक आलू हाय का?"

* * *

ऑपरेशन झालं. वहिनी नागपूरहून घरी आल्या, त्या दिवशी आम्ही तिघी डबे घेऊन दारात उभ्या. वामनरावांनी डबे घेतलेच नाहीत. खिचडी त्यांनी स्वतः केली होती. अर्धी भांड्याला लागली होती, वास अंगणापर्यंत येत होता!

त्यांनी आपला पाट मांडला, त्यावर वहिनींना बसवलं आणि ताट समोर ठेवलं.

"तुमचं?" वहिनींनी विचारलं.

"तू जेव पहिले. मी थांबतो."

आमच्या ओळीत असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. वामनराव पळी हातात घेऊन उभे, कपाळावर घाम. आम्हीही दारातून हललो नाही. वहिनींचा उजवा हात अजून उचलत नव्हता. त्यांनी डाव्या हातानं घास घेतला, तो तसाच हातात धरला आणि वर वामनरावांकडे पाहिलं.

"मीठ कमी हाय!"