भेगेतली पोर

अकोल्याहून आलेल्या बंडीवाल्यानं बैलांच्या मानेवरचं जू उतरवायच्या आधीच सांगितलं, “मापारी, तुमचा नारोबा गेला. पटकी झाली, खेळ खलास.” मी तराजूपाशी उभा होतो. डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं ते भलतंच... पोर वर आली का? आली नसेल तर आता तिला काढणार कोण? काही आठवडे उलटून गेले, पण या प्रश्नानं माझा पिच्छा सोडलेला नाही. आणि आता तर मृग तोंडावर आला आहे.

ही पोर कोण ते सांगतो, पण आधी नारोबा. वलगावच्या माळ्याचा हा मुलगा अमरावतीच्या कापूस बाजारात आमच्या शेटजींच्या अडतीवर पारखी होता. मी तिथलाच मापारी. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. भाव चढला तशी लबाडीही चढली. कुणी कापसावर पाणी मारी, कुणी तळाशी सरकी नि माती भरी. नारोबा बंडीत खांद्यापर्यंत हात घाली, मूठभर कापूस बाहेर काढी, त्यातला झुपका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढून बघी आणि एकच शब्द बोले. बरा, ओला किंवा मिसळ. तो शब्द शेटजींना मान्य आणि शेतकऱ्यालाही. पारख्याजवळ दुसरं असतं तरी काय? शब्द गेला की पारखी मेला. हे मला कळत होतं, त्याला कळत होतं की नाही देव जाणे.

कारण हा बाबा कादंबरी लिहीत होता! आणि तीही कसली? उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, काठी सोडली तर तळ लागत नाही, हे कुणाला ठाऊक नाही? नारोबाच्या गोष्टीत एका शेतकऱ्याची पोर वासराचं हरवलेलं घुंगरू शोधत अशाच एका भेगेत उतरते, आणि खाली तिला अख्खं शहर सापडतं. तिथले दिवे झाडांच्या मुळांना लटकलेले, तिथल्या माणसांना सावल्या नाहीत, आणि तिथला राजा माणसांची नावं काढून घेतो. पोरीचं अर्धं नाव त्यानं घेतलंही होतं. मृगाच्या आत ती वर आली नाही तर पाऊस पडणार, भेग मिटणार, आणि वर कुणाला पत्ताही लागणार नाही. हे सगळं तो दुपारी, बैल सोडलेले असताना, कापसाच्या गंजीच्या सावलीत बसून बोरूनं लिही. पूर्ण झाली की मुंबईच्या छापखान्यात धाडायची, एवढीच त्याची हौस. मी म्हणे, “लेका, लिहाचंच हाये त देवादिकाचं लिही ना! बाजारात कयलं त?” तो बोरू कानाला खोचून म्हणे, “कयन त कयन. तुले काय वाटते किसन, राजा तिचं बाकीचं नाव घेईन का?” मला त्याच्या नोकरीचा घोर आणि त्याला त्या पोरीचा.

पुढे तर कहरच झाला. ऐकणारा जांभई देतो का हे बघायचं म्हणून तो ही गोष्ट खोळंबलेल्या बंडीवाल्यांना सांगू लागला! ते कान टवकारून ऐकत, आणि माझा जीव टांगणीला. शेवटी व्हायचं तेच झालं. अकोटचा गोंदाजी, भरघोस मिशांचा, जिभेचा तिखट शेतकरी. नारोबानं त्याच्या बंडीत हात घातला आणि म्हणाला, “ओला.” गोंदाजी भर बाजारात ओरडला, “जो मानूस जमिनीखालच्या शयराच्या गोष्टी सांगते, त्याचं कापसातलं काहून खरं मानाव?” लोक खो खो हसले. कापूस ओला होता, मी स्वतः तोलला होता. पण हसणाऱ्याला कोण आवरणार?

शेटजी वाईट नव्हते. त्यांनी नारोबाला बोलावून सांगितलं, “चार माणसांत एकदा म्हण, ती सगळी थाप आहे. बात खतम.” एवढंच म्हणायचं होतं हो! नारोबानं अंगठ्यावरचा कापूस काढला नि म्हणाला, “शेटजी, कापूस ओला होता हे खरं हाये. अन् ते पोरगी खाली हाये. मले थाप म्हनता येनार नाई.” मी कपाळावर हात मारून घेतला. त्याची पारख गेली. अकोल्याच्या गोदामावर गठ्ठे मोजायला त्याची रवानगी झाली. गोंदाजीही त्यानंतर आपला माल अकोल्यालाच नेतो असं ऐकलं. म्हटलं, मेल्याचं अजून समाधान झालं नाही वाटतं.

वैशाखात मी त्याला शेवटचा भेटलो. गालफडं बसलेली, हात मात्र सवयीनं शेजारच्या गठ्ठ्यात. म्हणाला, “किसन, मी अटकलो. तिले वर काढू कशी?” मी म्हटलं, “दोर टाक ना बापा, त्यात काय!” तो म्हणाला, “दोर टाकाले वरतं कोनी पायजे ना... ते खाली हाये, हे मानते कोन?” मी उगाच उन्हाच्या गोष्टी काढल्या आणि निघालो.

परवा शेटजींच्या कामानं अकोटला जावं लागलं. वाट गोंदाजीच्या शेतावरूनच जाते. तोंड चुकवून निघावं म्हटलं, तर त्यानंच हाक मारली. रामराम झाला न झाला, तोच विचारतो, “मापारी, पोरगी वर आली का?” अकोल्याला हा पुढची गोष्ट ऐकायला जात होता, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. म्हटलं, “नारोबा गेला ना गोंदाजी. पोरगी खालीच राह्यली.”

“तो गेला हे मालूम हाये मले. मले वाटलं, तुले तरी सांगून गेला असन.”

मग तो मला धुऱ्याच्या बांधापलीकडे घेऊन गेला. तिथं बाभळीच्या बुडाला नांगराचा जाड दोर बांधलेला होता आणि त्याचं दुसरं टोक खाली भेगेत गेलेलं. “हे काहून?” मी विचारलं.

“आभाय भरून येऊन राह्यलं,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “असू दे. पोरीच्या कामी पडन.” आणि मग, “कापूस ओलाच होता माहा.”

मेळघाटाकडून ढग चढत होते. मी वाकून गाठ ओढून पाहिली. पक्की होती. तरी तिच्यावर आणखी एक मारली.