पामच्या कुंडीत मीठ

माड लावताना खड्ड्यात मीठ घालतात. हे मला कोणी शिकवलं नाही. आमच्या माहीमच्या वाडीत ते शिकवावं लागत नाही. खड्डा खणायचा, तळाला मीठ टाकायचं, त्यावर कुटा, म्हणजे सुक्या मासळीचा उरलासुरला भुगा, मग माती आणि मग रोप. माड त्यावर पोसतो. म्हणून हिच्या पामची पानं टोकाला करपायला लागली तेव्हा मी दुसरा विचार केला नाही. भूक लागली असेल म्हटलं.

ही म्हणजे माझी बायको. मागच्या श्रावणात गेली. पाम तिचा होता.

वाडीची भावाभावांत वाटणी झाली तेव्हा आम्ही सालवडला येऊन घर बांधलं आणि मी कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला लागलो. घरापुढं दोन खाटा मावतील एवढं अंगण. त्यात मी एक लिंबू लावलं, कढीपत्ता लावला, कोपऱ्यात केळ. झालं, म्हटलं, बाग झाली. तिला ते पुरेना. तिला शोभेचं झाड हवं होतं. शोभेचं म्हणजे जे काही देत नाही ते, एवढंच मला कळायचं. बोईसर-तारापूर रस्त्याच्या नर्सरीत तिनं मला नेलं तर मी दारूच्या दुकानाबाहेर उभं राहावं तसा फाटकाशी उभा राहिलो. ती आत कुंड्यांमधून फिरत राहिली. एकेक रोप बुडाशी धरून हलवून बघायची, घट्ट आहे का. शेवटी एक अरेका पाम उचलून आणला, एका कुंडीत आठ-दहा पिवळसर खोडं दाटीनं उभी.

मी विचारलं, "याला लागणार काय?"

ती म्हणाली, "तुमाला काय लागलं एवढ्या वर्षांत? तरी सांभाळलंच ना?"

नर्सरीतली माणसं हसली. मीही हसलो, पण रिक्षात ती कुंडी मांडीवर मी धरली नाही. तिनंच धरली.

घरी आल्यावर तिनं मातीची मोठी कुंडी आणली, तिला गेरू फासला, वर पांढऱ्या रंगाचे ठिपके काढले आणि पाम ओटीवर पत्र्याखाली ठेवला. दर दोन-तीन दिवसांनी ओल्या फडक्यानं पानं पुसायची. कारखान्याची धूळ बसते, म्हणायची. पुढं आजारी पडली तर तिनं खाट खिडकीशी लावून घेतली, पाम दिसावा म्हणून. त्या दिवसांत तिनं पामला काय करायचं आणि काय नाही ते सगळं लेकीला सांगितलं. मला नाही. मी समोरच बसलो होतो. लेकीला म्हणाली, "बाबांना तू सांग. माझं ऐकत नाय ते."

लेक पुण्याला असते. तिनं मला सांगितलं, पाणी कमी घाला, पानं पुसत जा, बाकी काही करू नका. मी बरं म्हटलं. आणि पानं करपली तेव्हा माहीमला जाऊन कुटा घेऊन आलो.

मीठ घातलं, कुटा घातला. वास इतका सुटला की शेजारीण म्हणाली, काका, घरात मासळी विसरलात का. मांजरं रात्रंदिवस कुंडी उकरू लागली. पानं जास्तच करपली. मला वाटलं, कमी पडलं. मी आणखी मीठ घातलं. आता लिहिताना दिसतंय की वेडेपणा होता, पण तेव्हा तसं वाटत नव्हतं. तेव्हा मला बरं वाटत होतं. ती गेल्यापासून माझ्या हाताला काही काम नव्हतं, आणि हे एक काम मला येतं असं मी धरून चाललो होतो.

मग एक दिवस मधला पोंगा धरला तर तो हातात निघून आला. पोंगा म्हणजे न उमललेलं कोवळं पान, झाडाचा जीव तिथं असतो. खालून सडलेला, घाण वास. एका खोडाचा आला, मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचा. वाडीतल्या माणसाला त्यापुढं काही सांगावं लागत नाही.

लेक रोज संध्याकाळी फोन करायची. जेवणाचं विचारायची, गोळ्यांचं विचारायची आणि शेवटी, "आईचा पाम कसा हाय?" मी म्हणायचो, बरा हाय. दाखवा म्हणाली तर म्हणायचो, अंधार झालाय. दिवसा फोन आला तर म्हणायचो, त्या फोनातलं चित्र बिघडलंय. मेलेल्या झाडाशेजारी ओटीवर बसून मी हे सांगायचो. एकदा तर म्हटलं, नवीन कोंब आलाय. ती इतकी खूश झाली की मला फोन खाली ठेववेना.

वर्षश्राद्ध जवळ आलं. लेक येणार होती. मी पाम उपटला, मागं मोरीपलीकडच्या कचऱ्यात टाकला, कुंडी घासून धुतली आणि नर्सरीत गेलो. या वेळी फाटकाशी थांबलो नाही.

आत एक बाई होती, चाळिशीची, बोलकी. मी म्हटलं पाम पाहिजे. ती म्हणाली, "कुठला काका? सावलीतला, उन्हातला, फळाचा, बिनफळाचा?" मला एवढंच माहीत होतं की पिवळसर खोडं, दाट. पण ती काही सरळ तिथं नेईना. आधी एक खोड बुडाशी बाटलीसारखं फुगलेलं दाखवलं. मग पंख्यासारख्या पानांचा. मग म्हणाली, हा बघा फिशटेल, लोक बंगल्याला नेतात. बघतो तर भेरली माड. मी म्हटलं, "बाई, हा आमच्याकडं डोंगरात फुकट उभा असतो, माणसं त्याची माडी काढतात." ती म्हणाली, "मग डोंगरातनं आणा की, इथं कशाला आलात?" बोलण्यात हार जाणारी नव्हती.

पुढं एका पामला लाल घोस लागलेले होते, थेट सुपारीसारखे. माझा हात आपोआप गेला. एक तोडून दाताखाली धरली आणि थुंकली. ती म्हणाली, "काका, ती शोभेची हाय, खायची नाय." शेवटी मला चिनी संत्र्याच्या रोपापाशी नेलं, गुडघ्याएवढं झाड आणि गोट्यांएवढी संत्री नुसती लगडलेली. दिसायला शोभा, आंबट पण लोणच्याला चालतात, म्हणाली, तुमच्यासारख्याला हेच बरं.

खरं सांगतो, मला ते आवडलं. पहिल्यांदा कळलं की आमची ही इथं इतका वेळ काय करायची. एकेका रोपासमोर उभं राहून घरात ते कुठं बसेल, सकाळचं ऊन कुठून येईल, हे मी मनात मांडायला लागलो. बराच वेळ मला ती गेली याची आठवणही झाली नाही. मग झाली आणि लाज वाटली. तिच्या झाडाला मारून तिच्याच हौसेची मजा मी घेत होतो.

चिनी संत्रं तिथंच ठेवलं. अरेका पाम मागितला. एकेक बुडाशी धरून हलवून पाहिला, तिच्यासारखाच, उंचीला आणि दाटीला जुळणारा निवडला. रिक्षात कुंडी मांडीवर घेतली आणि घरी येऊन पाम तिच्या जुन्या कुंडीत लावला.

लेक आली ती आधी पामपाशी गेली. पिशवी खाली न ठेवता पानावरून हात फिरवला. "किती छान ठेवलात बाबा," म्हणाली. "मला वाटलं होतं तुमी मारणार याला." मी आत चहा ठेवायला गेलो.

श्राद्ध झालं, पाहुणे जेवून गेले. दुपारी ती फडकं भिजवून ओटीवर बसली आणि एकेक पान पुसू लागली. पुसता पुसता हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मला वाटलं फोनवर आहे. फोन आत चार्जिंगला होता.

संध्याकाळी निघायच्या आधी ती घरातून रिकामी बादली घेऊन आली. म्हणाली, यातली दोन खोडं मुळांसकट वेगळी करून द्या, माझ्या गॅलरीत लावते. आईच्या हातचं एक तरी तिथं असू दे.

मी कोयता आणला. काम अवघड नव्हतं. कुंडी आडवी करायची, माती सुटी करायची, मुळं न दुखवता दोन खोडं काढायची. मी देऊ शकलो असतो. कोणाला कळलं नसतं. ती पुण्याला ते लावणार, रोज पुसणार, त्याच्याशी बोलणार, तिच्या पोराला सांगणार की हे आजीचं. आणि ते असणार त्या नर्सरीच्या बाईचं.

मी कोयता खाली ठेवला. म्हटलं, "बाय, हा तिचा नाय."

तिला कळलं नाही. म्हणाली, म्हणजे?

"तिचा मेला. मी मारला. मीठ घातलं त्याला, कुटा घातला. हा मी आठवड्यापूर्वी आणलाय."

तिनं बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "मला रोज बरा हाय सांगत होता."

"तू रोज विचारायचीस."

"आणि तो कोंब?"

मी कोयता उचलून बाजूला ठेवला.

तिनं विचारलं जुना कुठं आहे. मी मागं नेलं. पावसानं कचऱ्याचा चिखल झाला होता, त्यात तो आडवा पडला होता. तिनं पदर खोचला, चिखलात बसली आणि एकेक खोड नखानं खरवडून बघू लागली, कुठं हिरवं आहे का. नव्हतं. मला ते आधीच माहीत होतं, पण मी तिला थांब म्हटलं नाही. सगळी बघून झाल्यावर ती उठली, मोरीवर हात धुतले. म्हणाली, "तिनं सांगितलं होतं बाबा. फक्त पाणी. एवढंच सांगितलं होतं."

मी म्हटलं, "होय."

गाडीत बसण्याआधी पाया पडली. बादली इथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला तेव्हा मी ओटीवरच होतो. जेवलात का, म्हणाली. जेवलो. गोळी घेतली का. घेतली. मग ती थांबली. रोज इथं तो प्रश्न यायचा. आला नाही. पलीकडं तिच्या घरात भांडी वाजत होती. ती ठेवते म्हणायच्या आत मीच म्हटलं, "पाम बरा हाय."

ती म्हणाली, "कुठला?"

मी म्हटलं, "नवा."

"बरं," म्हणाली, आणि पोराचा अभ्यास घ्यायचाय म्हणून फोन ठेवला.