सोळा कुंड्यांचं पाणी

आई माझ्याकडे कॅलिफोर्नियात एकदाच आली. तेव्हा मी युनिव्हर्सिटीत चाऱ्याच्या गवतावर काम करत होते. इथल्या खोऱ्यात वर्षानुवर्षं पाटाचं पाणी देऊन जमिनी खारावल्यात आणि आता ते पाणीही पुरत नाही. अशा जमिनीत गुरांसाठी कोणतं गवत तग धरेल, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी ग्रीनहाउसमधल्या सोळा कुंड्यांना मी खारं पाणी देत होते, तेही मोजून, गरजेच्या निम्मं. पात्यांचे शेंडे करपले होते, मातीवर मिठाचा पांढरा थर आला होता. मी खूश होते.

आई घरात एकटी कंटाळते म्हणून एका शनिवारी तिला सोबत नेलं आणि मी शेजारच्या खोलीत मीटिंगला बसले. तासाभराने बाहेर येते तो आई हातात पाइप घेऊन उभी! सोळाही कुंड्यांच्या बुडातून गोडं पाणी गळत होतं. मीठ धुऊन गेलं होतं आणि त्याबरोबर माझे चार महिने.

"आई, चिठ्ठी नाही वाचलीस? पाणी देऊ नका म्हणून लिहिलंय!"

"वाचली गं, तेवढं इंग्रजी येतं मला. पण बघवेना. किती सुकली होती बिचारी."

"अगं, सुकण्यासाठीच ठेवलीत ती! सगळा डेटा घालवलास. तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस?"

तिथे काम करणाऱ्या दोन मुलींना मराठी येत नव्हतं, तरी त्या उठून बाहेर गेल्या.

घरची बाग चाळीस वर्षं एकटीने सांभाळलेल्या बाईला मी हे ऐकवलं. प्रयोग काय, पुन्हा लावला आणि पूर्णही केला. त्या कुंड्यांतल्या गवताला आठवड्यात हिरवेगार फुटवे आले होते. ते आईला दाखवले असते तर ती केवढी हरखली असती! मी रागाच्या भरात कुंड्या रिकाम्या केल्या. आई जाऊन आता दोन वर्षं झाली, आणि मला त्या फुटव्यांची अजून लाज वाटते.

त्या शनिवारनंतर पंधराएक दिवसांनी बाल्कनीतला कढीपत्ता मान टाकलेला दिसला. आई शेजारीच खुर्चीत पुस्तक वाचत बसली होती.

"अगं, याला पाणी नाही घातलंस?"

ती गडबडून उठली. "घालू का? मला वाटलं, याचंही तुझं काही मोजायचं चाललं असेल."