आबांनी नावं ठेवलेली मोटार

मुंबईत मी एका शेटजींची मोटार चालवत होतो, त्यामुळे मोटारींचं मला अप्रूप राहिलं नव्हतं. तरी पोलादपूरच्या सरकारी बंगल्यामागे त्या गाडीवरची ताडपत्री ओढली गेली आणि माझा हात आपोआप पुढे गेला. हिरवी, बसकी, उघडी गाडी. बसायला दोनच माणसं. बॉनेटवर कातडी पट्टा आवळलेला, चाकं तारांची, हातब्रेकचा दांडा दाराच्या बाहेर. विलायतेत असल्या गाड्या शर्यतीत पळवतात, एवढं ऐकून होतो. हात लावायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

गाडी घाटरस्त्याच्या साहेबाची होती. आंबेनळी घाटावर देखरेख करण्यात त्याची उमर गेली, आणि आता नोकरी संपवून तो विलायतेला निघाला होता. गाडी घ्यायची होती आमच्या खोतांना. त्यांना सगळा मुलूख आबा म्हणे. महाडच्या रस्त्यावर ही गाडी एकदा त्यांच्या दमणीच्या बैलांना मागे टाकून गेली, तेव्हापासून म्हाताऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं. दोन माणसांची गाडी घेऊन करायचं काय, असं खोतीणबाईंनी विचारून पाहिलं. त्यावर, दमणीत तरी मी कुठे गाव भरून नेतो, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

मी शिमग्याला गावी आलो होतो. आबांनी बोलावून सांगितलं, चल, गाडी पारखून दे; चांगली निघाली आणि घेतली, तर चालवायला तूच. हे ऐकल्यापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. लग्न झाल्यापासून बायकोची आणि माझी गाठ पडायची ती शिमग्याला आणि गणपतीला, पाहुण्यासारखी. लेक मला बघून आईच्या पाठीमागे लपायची. दासगावच्या बंदरात मुंबईच्या बोटीवर चढताना मला दर खेपेला रडू यायचं आणि मी डोळ्यांत धूर गेला म्हणून सांगायचो. आताही सुट्टी संपत आली होती. ती गाडी चांगली निघाली की मी सुटलो, एवढंच डोक्यात घोळत होतं.

दमणीतून पोलादपूरला जाताना आबांनी एक गोष्ट बजावली. मालाच्या धन्यासमोर चांगलं म्हणून एक अक्षर काढायचं नाही. बैलबाजारात त्यांची हीच रीत. जो बैल घ्यायचा नसेल त्याच्याकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. जो मनात भरेल त्याच्यासमोर मात्र उभं राहून शिंगापासून शेपटापर्यंत नावं ठेवायचे. मग विकणारा खवळायचा, बैलाचे गोडवे गायचा, दोघं तावातावाने भांडायचे आणि शेवटी रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरायचा. आमच्याकडे सगळेच असं करतात, पण आबा त्यात उस्ताद होते. धन्यासमोर माल वाखाणणाऱ्या माणसाला मी दारात उभा करत नाही, हे त्यांनी माझ्याकडे रोखून बघत सांगितलं.

तर मी तोंड पाडून कामाला लागलो. इंजिन थंड होतं, ही चांगली गोष्ट. आधीच तापवून ठेवलेली गाडी आपली दुखणी लपवते. हँडल लावून हळूहळू फिरवलं. प्रत्येक सिलिंडर हाताला सारखाच जोर देत होता. तेलाची काडी काढली आणि तेल बोटांवर चोळलं. धातूची कच नाही. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग नाही. चाकांच्या तारा एकेक करून टिचकीने वाजवल्या, सगळ्या एका सुरात बोलल्या. मग गाडीखाली सरपटत गेलो. सांगाड्याला कुठे जोडकामाचा डाग दिलेला नव्हता. पुढच्या उजव्या पाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचं, एक पान मात्र चिरलेलं होतं. पान बदललं की झालं. गाडीखाली उताणा पडूनच मी मनसोक्त हसून घेतलं, कारण तिथे मला कोणी बघत नव्हतं.

बाहेर येऊन इंजिन चालू केलं. पहिल्याच झटक्याला ते पेटलं, आणि तो आवाज! धुराच्या नळीवर तळहात धरला. निळा धूर नाही, तेलाचा शिंतोडा नाही. आबांनी डोळ्यांनी विचारलं. मी डोळ्यांनीच होय म्हटलं.

झालं, आबा सुटले. गाडी भुईला टेकलेली, दगडावरून जाईल कशी? डोळे बाहेर आलेले. पाठ वाकलेली. पट्टा बांधलाय म्हणजे पोट फुटलेलं असणार. आवाज असा की गाभण म्हशी गाभ टाकतील. रंग शेवाळाचा. हिला फुकट नेली तरी वाटेत सोडून यावी लागेल. मी त्यांना ओळखून होतो. आवाज जितका चढत होता तितका जीव त्या गाडीत गुंतत होता. दमणीचा गाडीवानसुद्धा मागे उभा राहून मान डोलवत होता.

आता साहेबाने खवळायचं होतं. पण त्याने आयुष्यात बैल घेतला नव्हता. तो गंभीर होऊन सगळं ऐकत राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं, ताडपत्री उचलली आणि गाडीवर घातली. मराठी तो रस्त्यावरच्या मजुरांकडून शिकला होता.

"आबा, तुमच्यासारखा पारखी ह्या मुलखात नाय," तो म्हणाला. "तुमी येवढं वाईट म्हणता, तर हाय ती वाईट. असला माल मी कुणाच्या गळ्यात मारणार नाय. जाताना मोडीत देतो."

रुमाल आबांनी खांद्यावरून काढून तयार ठेवला होता, तो हातातच लोंबत राहिला. बोललेलं मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. साहेब ताडपत्रीच्या दोऱ्या आवळायला लागला. मोडीत! ते इंजिन, त्या तारा, माझं घर, माझी लेक, सगळं त्या दोऱ्यांखाली जात होतं. माझा ताबा सुटला.

"साहेब, ही गाडी सोनं हाय," मी म्हणालो. "आबांना पायजे म्हणून ते नावं ठेवतात."

आणि मग थांबता येईना. सिलिंडरांचा जोर, तेल, चाकं, सांगाडा, सगळं मी साहेबाच्या कानावर घातलं. खोट एकच, पुढच्या उजव्या पाट्याचं पान चिरलंय, हेही सांगितलं. साहेब हसायला लागला. ते पान दाखवूनच गाडी द्यायची असं त्याने ठरवलं होतं म्हणे. त्याने एकच रक्कम सांगितली. आबांनी घासाघीस न करता मान हलवली, पण साहेबाकडे न बघता. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात मला माझी दासगावची बोट दिसली.

परतीला गाडी मी चालवली. पाट्याला जपून न्यायची असं ठरवलं होतं, पण सरळ रस्ता लागला आणि तिने पायाखालून जी उसळी घेतली, ती मला आवरता आली नाही. वारा तोंडावर आदळत होता. आबांनी एका हाताने फेटा धरला आणि दुसऱ्याने दाराची कड. मी आनंदाने ओरडत होतो. पुन्हा ही गाडी हाती लागायची नाही हे कळत होतं, म्हणून आणखीच ओरडत होतो.

आमची वाडी रस्त्यालगतच होती. तिथे त्यांनी हाताने थांबायची खूण केली. आवाजाने माणसं जमली, माझा बाप ओटीवरून खाली आला, बायको दारात उभी राहिली. आबा उतरले, मला उतरायला सांगितलं आणि सगळ्यांदेखत मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ह्यो तुझा पोरगा काय रे?" त्यांनी बापाला विचारलं. "खांदे उतरलेत. डोळं आत गेलेत. जिभेला लगाम नाय. गाडी अशी हाकतो की माणसाचा जीव जाईल. ह्याला कोण ठेवणार?"

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा माझ्याभोवती फिरून आता मागून नावं ठेवायला लागले होते. बाप दोन पावलं पुढे झाला. त्याने कमरेवर हात ठेवले.

"उभ्या महाडात असा डायवर मिळायचा नाय," तो आबांवर खेकसला. "नेयाचा नसंल तर ऱ्हाऊ द्या. त्याला बोट गाठायची हाय."

आबांनीही आवाज चढवला. भांडण नुकतं कुठे रंगायला लागलं होतं, एवढ्यात बायकोने मुंबईसाठी बांधून ओटीवर ठेवलेली माझी वळकटी उचलली आणि आत नेऊन तिची दोरी सोडली.