वंदनाला बोलतं करणारे

आमच्या कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राखेपेक्षा सल्ला जास्त उडतो! राख निदान झाडता तरी येते. मला रोज वही लिहायची सवय. शेजारच्या भोयरांच्या वंदनाला 'सुधारायला' लोक निघाले, त्या वर्षी मला दुसरी वही आणावी लागली.

वंदना बारावीत. दिवसभर ट्रान्झिस्टरचा इअरफोन कानात. माणूस दिसला की आतल्या खोलीत! आदल्या वर्षी फिजिक्सच्या तोंडी परीक्षेत एक शब्द बोलली नाही, नापास झाली. भोयर म्हणाले, "यंदाही गप्प राहिली तर शिक्षण बंद. लगन लावून टाकतो."

झालं, सगळे कामाला लागले.

*

पहिले स्टोअरमधले गावंडे. "व्यसन आहे गा हे, दारूसारखं! रेडिओ कपाटात घाल अन् कुलूप ठोक."

भोयरांनी ठोकलं. तिसऱ्या दिवशी कसोटी सामना सुरू झाला आणि सकाळीच गावंडे दारात. "काढ गा जरा, स्कोर तरी ऐकू दे!"

पाच दिवस हलले नाहीत. कपाटाला कुलूप पुन्हा लागलंच नाही. मी टाइम ऑफिसला. त्यांच्या रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. कारण : पोटदुखी.

*

मग वंदनाचे मामा आले. भीड चेपावी म्हणून अंगणात वीसेक माणसं जमवली आणि पोरीला स्टुलावर उभं केलं. "कर भाषण!"

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामा म्हणाले, "उतर. कसं करतात ते मी दाखवतो." स्टुलावर चढले, छाती फुगवली, "मित्रहो" म्हणाले आणि थांबले. बराच वेळ थांबले. शेवटी म्हणाले, "चहा झाला का सर्वांचा?"

*

महिला मंडळाच्या देशकरबाई तिला दर गुरुवारी घेऊन जायच्या. "चार बायकांत बसली की मोकळी होईल."

एकदा मंडळ आमच्याच घरी होतं. मी आतून ऐकत होतो. दोन तासांत बाईंनी वंदनाला अकरा प्रश्न विचारले आणि अकराही उत्तरं स्वतःच दिली. जाताना माझ्या बायकोला म्हणाल्या, "पाहिलं का वं, किती फरक पडला!"

*

भोयर बॉयलरवर, पाळीची नोकरी. एका दुपारी मी गेलो तर रात्रपाळी करून आलेले भोयर अंथरुणावर बसून पोरीवर ओरडत होते, "एवढी मोठी झाली, तोंडात शब्द नाही! काहून बोलत नाही?"

स्वयंपाकघरात वहिनींच्या हातून ताटली पडली. भोयर तिकडे वळले, "हळू वं! झोपू देशील का नाही?"

दाराला पुठ्ठा टांगलेला होता : 'रात्रपाळी. आवाज करू नये.' दुसरीत असताना वंदनाने लिहिलेला. त्या घरात ती सतरा वर्षं कुजबुजत वाढली होती.

मी शहाणा म्हणावा, तर त्या पुठ्ठ्यावरच्या अक्षराचं मीच तेव्हा कौतुक केलं होतं!

*

त्यानंतर मी ऑफिस सुटलं की त्यांच्या पायरीवर जाऊन बसायचो. काही विचारायचं नाही. आपली वही काढायची, लिहायचं.

बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी मागून आवाज आला, "काका, तुम्हाले ऐकायचं आहे का?"

कुठल्या तरी लांबच्या देशाचं स्टेशन होतं. इतका लांबचा आवाज इथे पोचतो कसा, असं मी विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून अर्धा तास सांगत होती. मग रोज थोडं थोडं. परीक्षेच्या आठवड्यापर्यंत तिची नजर भिंतीवरून माझ्या चपलांपर्यंत आली होती.

गावंडे जाता जाता थबकले. "अबे, पोट्टी भिंतीशी बोलून राहिली!"

मी म्हटलं, "भिंत मधेच सल्ला देत नाही, गावंडे."

*

वंदना पास झाली. गावंडे म्हणाले, कुलपाचा गुण. मामांनी पत्रात स्टुलाचा उल्लेख केला. देशकरबाईंनी मंडळात स्वतःचा सत्कार करवून घेतला, हारही स्वतःच आणला!

परीक्षेच्या खोलीत काय झालं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

मला ती परीक्षेच्याच दिवशी संध्याकाळी पायरीवर म्हणाली होती, "काका, बाहेरून आलेले सर एकदम नवीन होते. एकच प्रश्न दोनदा विचारला, तोही अर्धा. माझ्याकडे पाहतच नव्हते."

"मग?"

"मग मीच म्हटलं, सर, सावकाश विचारा. मले घाई नाही."