पाटलाची गाडी, धाकट्याचे बैल

मुलाचा हात आधी बाहेर आला.

सुईणीला यापेक्षा वाईट काही दिसत नाही. डोक्यानं आलेलं मूल आपण काढतो, पायांनी आलेलंही निभावतो. हात आला म्हणजे मूल पोटात आडवं पडलंय. तो हात ओढायचा नसतो. मी हे काम कुठल्या शाळेत नाही, सासूच्या पाठीमागं उभं राहून शिकले. पण एवढं मला ठाऊक होतं, की आता माझं काम संपलं आणि लातूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं सुरू झालं. लातूर तीन कोस.

हातावर ओलं स्वच्छ फडकं गुंडाळलं, गंगूच्या कमरेखाली गोधडीची घडी सारली आणि ओरडले, "गाडी जुंपा!"

ओट्यावर तिघं होते. गंगूचे वडील रंगराव, गावचे पोलीस पाटील. त्यांचे धाकटे भाऊ माणिकराव. भाऊबंदकी कितीही असो, पुतणीच्या बाळंतपणाला ते येऊन बसले होते, ओट्याच्या आपल्या वाटणीच्या बाजूला. आणि रंगरावांचे साडू, नांदेडचे वकील. निजामाचं राज्य तेव्हा शेवटाला आलं होतं, पण शेवट आहे हे नंतर कळतं. तेव्हा एवढंच कानावर होतं, की हिंदुस्थानची फौज सोलापूरकडून येणार. ती आली तर तिला काय म्हणायचं, यावर सकाळपासून जुंपली होती.

"आपली रियासत अलग हाय," रंगराव म्हणत. "भायेरची फौज घुसली म्हंजे चढाईच की."

"भायेरची? आपली मावशी सोलापुरात ऱ्हाती, ती बी भायेरची का?" हे माणिकराव.

वकील मधोमध. "फौज यावी. पण आपण बोलावली असं लेखी पाहिजे. लेखी नसेल तर तो परकीय ताबा ठरतो."

आता या घरची एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी भावांची वाटणी झाली. कुणी माघार घेईना. शेवटी पंचांनी कंटाळून गाडी थोरल्याला दिली आणि बैलजोडी धाकट्याला. तेव्हापासून गाडी थोरल्याच्या परसात उभी, बैल धाकट्याच्या गोठ्यात उभे, आणि दोघं भाऊ शेतावर पायी.

"माणिक, बैल सोड," रंगराव म्हणाले. लेकीचं ओरडणं त्यांनाही ऐकू येत होतंच.

"सोडतो की दादा. पण आधी गाडीवरचं निशाण काढ."

पाटलाची गाडी म्हणून तिच्यावर काठीला निजाम सरकारचं पिवळं निशाण लावलेलं होतं.

"ते काढलं तर नाक्यावर गोळी घालतील!"

"ठिवलं तर माझे बैल त्याच्याखाली चालायचे न्हाईत. मी निजामाचा तुरुंग भोगून आलोय, दादा."

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत.

"कागद आणा," वकील म्हणाले. "बैल तात्पुरते दिले असं लिहून घेऊ. नाहीतर उद्या तो ताबा ठरेल."

"वकीलसाहेब, पोरगी मरून राहिली ना आत!" मी ओट्यावर येऊन ओरडले.

"दोनच मिनिटं, आक्का. कलम पहिलं. धाकटे बंधू स्वखुशीनं..."

"स्वखुशीनं कशाला?" रंगराव म्हणाले. "पाटलाच्या हुकमानं लिवा."

मी परत आत आले. दाराआड दोघी जावा उभ्या होत्या. नवऱ्यांसमोर त्या दोन वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, मात्र परसातल्या भिंतीवरून रोज कालवणाची वाटी इकडून तिकडे जात होती. धाकटी सरू म्हणाली, "आक्का, मी मागल्या दारानं बैल काढते. जाऊबाई, तुमी गाडीत कडबा पसरा."

सरूनं बैल जुंपले आणि हाकायलाही तीच बसली. बाईनं बैल जुंपायचे नाहीत असा गावचा रिवाज होता. पण तो सांभाळणारे कलम पहिल्यात अडकले होते. आम्ही गंगूला आडवी निजवली. मी निशाण काढून घडी करून कोनाड्यात ठेवलं. हातात गंगूच्या अंगाखालचं धडुतं होतं, ओलं, लाल. ते ठेवायला जागा दिसेना, म्हणून त्याच काठीला बांधलं. विचार करून केलं असं म्हणणार नाही.

नाक्यावर निजामाच्या खाकीतल्या शिपायानं बंदूक आडवी धरली. "रुको! किसका झंडा है ये?"

"बाळंतिणीचा," मी म्हणाले. "हात लावून बघतो का, बाबा?"

तेवढ्यात गंगू किंचाळली. त्यानं गाडीत डोकावलं, मान फिरवली आणि रस्त्यावरचा आडवा बांबू स्वतः उचलला. "जल्दी हाको मौशी. बाजू से लेव, इधर गड्ढे हैं."

पुढं ओढ्यापाशी दुसऱ्या बाजूची, निजामाविरुद्ध उठलेली पोरं तुरीत दडून बसली होती. त्यांनीही तोच सवाल केला, तोच जवाब ऐकला आणि चिखलात रुतलेल्या चाकाला खांदा दिला.

डॉक्टरीणबाईंनी गुंगी देऊन मूल आतल्या आत वळवलं, पायांनी काढलं. मुलगी. बराच वेळ रडेना; मग अशी रडली की दवाखाना जागा झाला. तिचा तो हात आठ दिवस काळानिळा होता. गंगूही वाचली.

दिवस मावळताना दोघं भाऊ आले. तीन कोस पायी, गुडघ्यापर्यंत चिखल. मागं वकील, हातात कागद. तीन कलमं झाली होती. रंगराव नात बघून भिंतीकडे तोंड करून रडले. माणिकरावांनी डोळे पुसले आणि बायकोला विचारलं, "बैल कुणाच्या परवानगीनं आणले?"

"बैलांच्या," सरू म्हणाली.

काही दिवसांनी फौज आली. गावात मुक्कामसुद्धा केला नाही. एका ट्रकनं रंगरावांकडे पाणी मागितलं आणि लातूरचा रस्ता विचारला. त्यांनी हात करून दाखवला. ती चढाई होती, सुटका होती की ताबा, हा वाद पुढं कित्येक वर्षं चालला. नाक्यावरच्या त्या शिपायाचं काय झालं, ते मी दोन-तीनदा विचारलं. त्यावर मात्र कुणी वाद घातला नाही. विचारलं की जो तो उठून कामाला लागे.

पुढं मला सरकारी ट्रेनिंग मिळालं. नर्सबाईंनी शिकवलं, घरात शिरल्याबरोबर हात धुवायचे, पाणी उकळायला ठेवायचं. मी नव्या सुइणींना त्याच्याआधी एक काम सांगायची: या घरची गाडी आणि बैल एकाच मालकाचे आहेत का, ते विचारून घ्या. बायकांना विचारा. पुरुषही खरंच सांगतात, पण त्यांना वेळ लागतो.